तळें राखी तो पाणी चाखी

ही म्हण आपण बहुधा निंदेच्या अर्थानें वापरतों. एखाद्या कामावर नेमलेल्या मनुष्यानें त्या कामांतून थोडाबहुत लाभ आपल्या पदरांत पाडून घेतला, म्हणजे त्याजकडे हंसून दुर्लक्ष करतांना ती आपल्या तोंडीं येते. परंतु म्हणीचे शब्द नीट पाहिले तर त्यांत निंदा मुळींच नाहीं. जो तळें राखतो त्यानें पाणी चाखावें, हा सरळ न्याय आहे. आणि त्याच न्यायाची दुसरी बाजू अशी कीं, ज्यास पाणी चाखावयाचें आहे त्यानें तळें राखलें पाहिजे. ही दुसरी बाजू हळूहळू कशी सुटली, राखणारा एक आणि चाखणारा दुसरा असें कसें झालें, याचा शोध घेण्याचा आमचा आज विचार आहे. निमित्त आहे तें धामापूरच्या तलावाचें.

कोंकणांत दर वर्षीं तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास, व पुष्कळ ठिकाणीं त्याहून अधिक, पाऊस पडतो. घाटावरील अवर्षणाच्या मुलखांतील मनुष्यास हा आंकडा ऐकून हेवा वाटेल. पण तोच मनुष्य वैशाखांत येथें आला तर हंडे घेऊन उतरणीवरून चाललेल्या बायकांच्या रांगा पाहून बुचकळ्यांत पडेल. कारण उघड आहे. सह्याद्रि आणि समुद्र यांमधील अंतर थोडें, उतार उभा, आणि भूमि सच्छिद्र जांभ्या दगडाची. पडलेल्या पाण्यापैकीं कांहीं दगडांतून खालीं झिरपतें, व उरलेलें वहाळांनीं बघतां बघतां खाडीस मिळतें. म्हणून कोंकणांत पाऊस ही देवाची देणगी असली तरी पाणी ही मनुष्याची करणी आहे. जेथें कोणी तें अडवलें तेथेंच तें राहिलें.

धामापूर हा गांव मालवण तालुक्यांत आहे. सन १९८१ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला. तोंपर्यंत हा सर्व मुलूख रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत असे, आणि जुन्या पिढीच्या बोलण्यांत तो अजूनहि रत्नागिरीचाच आहे. दोन डोंगरांमधील खिंडार मातीच्या बांधानें अडवून हा तलाव केलेला आहे. बांधाची उंची सुमारें ११ मीटर व लांबी सुमारें २७१ मीटर. परंपरेप्रमाणें विजयनगरचा मांडलिक नागेश देसाई यानें धामापूर व काळसे या गांवांच्या लोकांना हाताशीं धरून इ. स. १५३० मध्यें हें काम केलें. कांठावर श्रीभगवतीचें देऊळ आहे. सभोंवार गर्द झाडी आहे. आणि पाण्याच्या आधारावर माडापोफळींच्या बागा व भातशेती पोसली गेली आहे. पुढें मालवण शहरासहि याच तलावाचें पाणी पिण्यास मिळूं लागलें. सन २०२० मध्यें आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगानें जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या सिंचनकामांत धामापूरची गणना केली, तेव्हां हें नांव दूरवर पोहोंचलें. शांत पाण्याकांठीं घटकाभर बसावयास येणारा पाहुणा तेथें पूर्वींपासून येत होता. आतां तो अधिक संख्येनें येऊं लागला.

त्याच वर्षीं त्याच यादींत आंध्रांतील कडप्पा जिल्ह्याचा पोरुमामिळ्ळ येथील तलाव घेण्यांत आला. हा योग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. पोरुमामिळ्ळचा तलाव विजयनगरच्या पहिल्या बुक्करायाचा पुत्र भास्कर यानें बांधविला, व त्याचा इ. स. १३६९ चा शिलालेख आजहि उपलब्ध आहे. एक हजार मजूर आणि शंभर गाड्या दोन वर्षें राबत होत्या, असें त्यांत नमूद आहे. परंतु त्याहून मोलाची गोष्ट ही कीं, उत्तम तलावाचीं बारा अंगें व तलावाचे सहा दोष त्या लेखांत सांगितले आहेत. बांधांतून पाणी पाझरणें, जमीन खारट असणें, तळ्याच्या मध्यभागीं उंचवटा असणें, पाणी थोडें व भिजवावयाची जमीन फार, किंवा पाणी फार व जमीन थोडी, हे पांच दोष कोणासहि सुचतील. सहावा दोष मात्र स्थापत्याचा नसून राज्यकारभाराचा आहे. तो दोष म्हणजे तलाव दोन राज्यांच्या सीमेवर असणें. माती, पाणी, दगड सारें उत्तम असलें तरी जेथें दोन धन्यांचे हुकूम चालतात तेथें तलाव टिकत नाहीं, हें त्या काळच्या जाणत्यांनीं अनुभवानें ओळखलें होतें. वाचकांनीं हा सहावा दोष लक्षांत ठेवावा.

धामापूरचा तलावहि दोन गांवांच्या सामाईक श्रमाचा. मग तेथें हा दोष कसा उत्पन्न झाला नाहीं? याचें उत्तर तेथील एका आख्यायिकेंत सांपडतें असें आम्हांस वाटतें. गांवांत लग्नकार्य निघालें आणि घरांत दागिना नसला, म्हणजे फुलांची परडी तलावाच्या पाण्यांत सोडून भगवतीपाशीं मागणें करावें; परडी दागिन्यांसह वर येई. कार्य उरकलें कीं दागिने जसेच्या तसे पाण्यांत परत करावयाचे. पुढें कोणी एकानें ते परत केले नाहींत, आणि तेव्हांपासून देवी देईनाशी झाली. अशा कथा महाराष्ट्रांत आणखीहि कांहीं तळ्यांविषयीं व डोहांविषयीं सांगतात. चिकित्सक वाचक तिला भाबडी म्हणून बाजूस सारील; पण सामाईक ठेव्याचा सगळा कायदा तींत आलेला आहे. ठेवा सर्वांचा आहे; गरजवंतानें तो मागावयाचा; वापरून झाल्यावर जसाच्या तसा परत करावयाचा; आणि एकानें फसवणूक केली तर शिक्षा त्या एकट्यास नव्हे, साऱ्या गांवास होते. दागिन्यांच्या जागीं पाणी हा शब्द घातला कीं कथा इतिहास होते. गांवकर व मानकरी यांची गांवकी, देवीच्या धाकानें राखलेली कांठची झाडी, आणि ग्रामदेवतेपुढें सर्वांदेखत घातलें जाणारें गाऱ्हाणें, हींच त्या काळचीं स्थानिक स्वराज्याचीं साधनें होतीं. दोन गांवें असलीं तरी देवीचा धाक एकच होता.

इंग्रजी अमलांत ही घडी बदलली. सन १८७९ च्या मुंबई इलाख्याच्या जमीन महसूल कायद्याच्या ३७ व्या कलमानें जे रस्ते, नद्या, ओढे, तलाव कोणाच्या खाजगी मालकीचे ठरत नाहींत ते सर्व सरकारचे झाले. त्याच सालीं पाटबंधाऱ्यांचा कायदाहि झाला. याच्या दहा वर्षें आधीं, १८६९ मध्यें, जमीनमहसुलाच्या रुपयामागें एक आणा लोकल फंडाची पट्टी कायद्यानें बसविण्यांत आली होती. तिच्यांतून रस्ते, शाळा व इतर लोकोपयोगी कामें व्हावयाचीं. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ मध्यें तालुका व जिल्हा लोकल बोर्डें आलीं. कागदावर हा कारभार नीटनेटका दिसतो. परंतु मालकी सरकारची, खर्चाची जबाबदारी बोर्डाची, आणि बोर्डाच्या हातीं आणेवारीची तुटपुंजी रक्कम, अशी स्थिति झाल्यावर गांवच्या मनुष्याच्या मनांत एक नवा विचार शिरला. बांध खचला तर पूर्वीं तो कुदळ घेऊन धांवे. आतां तो अर्ज लिहूं लागला. त्याचा सर्वस्वीं दोष नव्हता. दुसऱ्याच्या मालमत्तेची दुरुस्ती कोण करणार?

येथवर वाचून, जुनें तें सोनें असा आमचा पक्ष आहे, असें कोणास वाटेल; म्हणून त्याच कोंकणांतील दुसऱ्या एका तळ्याची हकीकत सांगणें अगत्याचें आहे. महाडचें चवदार तळें नगरपालिकेच्या हद्दींत होतें. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला, कीं सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस मोकळ्या असाव्या. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ मध्यें तसा ठरावहि केला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं हजारों अनुयायांसह त्या तळ्याचें पाणी प्राशन केलें, तेव्हां त्यांस मारहाण झाली व नंतर तळ्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. वाद न्यायालयांत गेला, आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या हायकोर्टानें निकाल दिला, कीं स्पृश्यांनीं सांगितलेली अनादि वहिवाट सिद्ध होत नाहीं.

या निकालाचें मर्म आमच्या विषयाशीं निकट आहे. तळ्याभोंवतीं राहणाऱ्या कांहीं लोकांचें म्हणणें असें होतें कीं, तळें आमचें आहे, त्याचें पाणी कोणीं घ्यावें हें आम्ही ठरवूं. ‘राखी तो चाखी’ या न्यायाचाच तो एक प्रकार होता. फक्त त्यांत राखण्याचें नांव करून दुसऱ्यास चाखूं न देण्याचा हेतु होता. गांवकीच्या हातीं तलाव होते तेव्हां ते नीट राखले गेले हें खरें. पण ते सर्वांसाठीं राखले गेले असें म्हणण्याचें धाडस कोणी करूं नये. तळें सार्वजनिक संस्थेच्या मालकीचें मानलें गेलें म्हणूनच त्या पाण्यावर सर्वांचा हक्क सांगतां आला. सारांश, नव्या व्यवस्थेनें गांवाचा हात तळ्यावरून काढून घेतला, त्यानें देखभाल ढिली झाली. पण त्याच व्यवस्थेनें पाण्याचें दार सर्वांस उघडण्याचा मार्गहि दाखविला. एक गोष्ट घेऊन दुसरी नाकारणें हें इतिहासाशीं अप्रामाणिकपणाचें होईल.

आतां केवळ शोभेच्या व विरंगुळ्याच्या तळ्यांकडे वळूं. सावंतवाडीचा मोती तलाव १८७४ मध्यें बांधला गेला. त्या वेळीं संस्थानचा कारभार इंग्रज सुपरिंटेंडेंटाच्या देखरेखीखालीं चाले. ही देखरेख १८३८ पासून १९२४ पर्यंत राहिली. राजवाड्यासमोरचें हें पाणी, त्यांत पडलेली नरेंद्र डोंगराची छाया, आणि कांठानें फिरणारें संध्याकाळचें शहर, हें दृश्य ज्यानें पाहिलें तो तें विसरत नाहीं. सन १९४८ मध्यें संस्थान विलीन झालें व पुढें रत्नागिरी जिल्ह्यांत आलें. राजवाड्यासमोरचा तलाव नागरिकांचा झाला, आणि कांठ राखण्याचें काम नगरपरिषदेकडे आलें. भाद्रपदांत गणपतीचें विसर्जन येथें होतें. एरव्हीं मुलें, म्हातारे, सासुरवाशिणी आणि माहेरवाशिणी सर्वांचें हें बसण्याचें ठिकाण आहे. सौंदर्य हेंहि लोकांचें देणें आहे, अन्नपाण्याइतकेंच. तें राखणें हा नगरपालिकेचा छंद नव्हे, कर्तव्य आहे.

परंतु नुसत्या विरंगुळ्याच्या तळ्यास एक धोका असतो. कोल्हापूरचा रंकाळा त्याचें उदाहरण आहे. रंकाळ्याची कीर्ति आम्ही काय सांगावी? कोल्हापूरकरांचा तो प्राण आहे. तरीहि आसपासच्या वस्तीचें सांडपाणी नाल्यांवाटे त्यांत जात राहिलें, जलपर्णीनें पाणी झांकलें गेलें, आणि अखेर केंद्र सरकारच्या सरोवर-संवर्धन योजनेंतून त्यावर उपाय करण्याची वेळ आली. हें प्रेम कमी असल्यामुळें झालें नाहीं. शहरास पिण्याचें पाणी दुसरीकडून मिळूं लागलें, म्हणजे तलाव पाहण्याची वस्तु होते. आणि पाहणारा मनुष्य पृष्ठभाग पाहतो, तळ पाहत नाहीं. ज्याच्या घरीं त्याच पाण्याची घागर जाते, तो मात्र पाण्याचा रंग बदलला कीं त्याच दिवशीं ओरड करतो. म्हणून पिणारा हाच तलावाचा खरा राखणदार होय, असें आमचें मत बनलें आहे.

पण पिणाराहि दूरचा असला म्हणजे काय होतें, हें इंग्लंडांतील थर्लमिअर सरोवराच्या इतिहासावरून दिसेल. मँचेस्टर शहराच्या नगरपालिकेनें शंभर मैलांच्या सुमारास अंतरावरचें हें डोंगरी सरोवर पाण्यासाठीं मागितलें. निसर्गप्रेमी लोकांनीं कडवा विरोध केला; तरी १८७९ मध्यें पार्लमेंटानें कायदा केला व १८९४ मध्यें पाणी मँचेस्टरास पोहोंचलें. सरोवराची पातळी वाढली, जुनी वस्ती पाण्याखालीं गेली, डोंगरउतारावर सूचिपर्णी वृक्षांची दाट लागवड झाली, आणि पाणी निर्मळ राहावें म्हणून लोकांस कांठापासून पुष्कळ काळ दूर ठेवण्यांत आलें. पाणी राखलें गेलें, पण कांठचीं माणसें परकीं झालीं. या लढ्यांत पडलेले एक पाद्री, रॉन्सली, यांनीं पुढें दोन सहकाऱ्यांसह १८९५ मध्यें ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था स्थापिली. लोकांसाठीं रम्य स्थळें कायमचीं राखावयाचीं, हा तिचा उद्देश. हरलेल्या लढाईंतून निघालेली ही संस्था आज त्या देशांतील एक बलाढ्य संस्था आहे.

धामापूर आणि मालवण यांचा संबंध इतका कठोर नाहीं. अंतर थोडें, माणसें एका बोलीचीं, बाजार एक, जत्रा एक. मालवणच्या घरांत तलावाचें पाणी जावें यांत धामापूरकरांस दुःख नसावें. पाणी अडविणाऱ्यास तें वाटण्याचें पुण्यहि लाभतें. प्रश्न इतकाच कीं, त्या पाण्याच्या बदल्यांत तलावास काय परत मिळतें? आमच्या मतें येथेंच पोरुमामिळ्ळच्या शिलालेखांतील सहावा दोष पुन्हां डोकें वर काढतो. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ चा. १९९३ मध्यें अंमलांत आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीनें लघुसिंचन, मत्स्यव्यवसाय हे विषय पंचायतींच्या यादींत, आणि पाणीपुरवठा व उद्यानें नगरपालिकांच्या यादींत घातलीं. १९९७ मध्यें सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २०१७ मध्यें पाणथळ जागांच्या रक्षणाचे नवे नियम आले. यांपैकीं प्रत्येक गोष्ट आपापल्या जागीं चांगली आहे. परंतु बांध एकाच्या ताब्यांत, नळ दुसऱ्याच्या, मासे तिसऱ्याच्या, पाहुणे चवथ्याच्या आणि झाडी पांचव्याच्या, असें झालें म्हणजे तलाव दोन नव्हे, पांच राज्यांच्या सीमेवर येऊन उभा राहतो. एका कार्यालयास पाणी वाढावेंसें वाटतें, दुसऱ्यास कांठावर बांधकाम करावेंसें वाटतें, आणि गाळ कोणीं काढावयाचा याचें उत्तर कोणत्याच दप्तरांत नसतें.

मग उपाय कोणता? गांवकी परत आणणें शक्य नाहीं व इष्टहि नाहीं; चवदार तळ्याचा धडा आपण विसरतां कामा नये. सारें एका खात्याच्या हवालीं करणें हाहि उपाय नव्हे. थर्लमिअरचा धडा तसा आहे. आम्हांस तीन गोष्टी सुचतात. पहिली, तलावाचें एकच मंडळ असावें, आणि त्यांत धामापूर-काळशाचे शेतकरी, मच्छीमार, पाणी वाहणाऱ्या बायका, सर्व जातींचे रहिवासी व पाणी पिणारें मालवण शहर यांस जागा असावी. खात्यांचे अधिकारी सल्ल्यास असावेत, धनी म्हणून नव्हे. दुसरी, तलावापासून जो कांहीं पैसा येईल, मग तो पाणीपट्टीचा असो, नौकेचा असो कीं पाहुण्याच्या तिकिटाचा असो, त्यांतील ठरलेला अंश बांधाच्या, गाळाच्या व पाणलोटांतील झाडीच्या कामीं आधीं वेगळा काढावा. उरेल त्यांतून मग दिवे व बांके. तिसरी, पाण्याच्या पोटांत व अगदीं कांठावर पक्कें बांधकाम मुळींच करूं नये. जो पाहुणा शांत पाणी पाहावयास येतो त्यास आपण सिमेंट दाखविलें, तर तो पुन्हां येणार नाहीं, आणि गेलेलें पाणीहि येणार नाहीं.

पर्यटन नको असें म्हणणारांपैकीं आम्ही नव्हों. ज्या मुलखांतील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस चाकरीसाठीं जात आले, तेथें गांवांतच दोन पैसे मिळूं लागले तर त्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार शहरांत बसून लिहिणारांस नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पाहुणा हाहि त्या तलावाचें पाणी एका प्रकारें चाखतोच. डोळ्यांनीं चाखतो, मनानें चाखतो. तेव्हां राखण्यांतला त्याचा वांटा त्याजकडून मागण्यांत संकोच कशाचा?

पांच शतकांपूर्वीं ज्यांनीं टोपल्या वाहून तो बांध घातला, त्यांचीं नांवें कोणत्याहि शिळेवर कोरलेलीं आम्हांस दिसलीं नाहींत. त्यांनीं आपणांपाशीं एक परडी भरून ठेविली आहे. कार्य चाललें आहे. दागिने अंगावर शोभत आहेत. कार्य उरकल्यावर परडी परत पाण्यांत सोडावयाची आहे, इतकी आठवण शहरांतल्या व गांवांतल्या प्रत्येक घरानें ठेविली, तर देवी यापुढेंहि देत राहील.